श्री गाडगेबाबा : स्वतःच्या घरापासून सुरुवात करणारे समाजसुधारक

आमच्या सुलतानपूरच्या परिसरात लग्नसराई सुरू झाली की तिचा परिणाम शाळेच्या हजेरीपटावर दिसू लागतो. काही मुले लग्नाच्या गडबडीत आठ-आठ दिवस येत नाहीत. परंतु खरी काळजी वाटते ती लग्नसराई संपल्यावर. कारण त्यानंतर काही मुले कायमचीच येईनाशी होतात.

असाच एक मुलगा माझ्या वर्गात होता. त्याचे नाव मी येथे देत नाही. इयत्ता नववीत शिकत होता आणि गणितात वर्गात पहिला येत असे. मोठ्या बहिणीचा निकाह झाला आणि दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेत आलाच नाही. चौकशीसाठी मी घरी गेलो, तेव्हा समजले की मुलगा पुण्याकडे एका गॅरेजमध्ये कामाला लागला आहे. लग्नात जहेज द्यावे लागले, दोन्ही गावच्या मंडळींना जेवण द्यावे लागले, आणि त्यासाठी शेतीचा एक तुकडा विकून वर कर्जही काढावे लागले. वडील सरळ आणि कष्टाळू गृहस्थ आहेत. खर्च झेपणारा नव्हता हे त्यांनाही मान्य होते. मात्र सगळेच करतात म्हणून आपल्यालाही करावे लागले, असे त्यांचे म्हणणे पडले.

घरी परत येताना माझ्या मनात विचार आला की, आपल्या समाजातील बहुतेक वाईट चालीरीती अशाच टिकून आहेत. त्या वाईट आहेत हे कोणालाही पटवून द्यावे लागत नाही. प्रत्येकाला ते पटलेले असते. परंतु सुरुवात दुसऱ्याने करावी असे प्रत्येकाला वाटते. अशा वेळी मला आपल्याच वऱ्हाडातील एका माणसाची आठवण होते. तो कधी शाळेत गेला नाही, त्याच्याजवळ धन नव्हते, सत्ता नव्हती. तरीही त्याने दुसऱ्याची वाट न पाहता स्वतःच्या घरापासून सुरुवात केली. तो माणूस म्हणजे श्री गाडगेबाबा.

काही वाचकांना वाटेल की, परीट समाजात जन्मलेल्या एका कीर्तनकाराचे चरित्र आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत कशासाठी? त्यावर माझे नम्र सांगणे असे की, कर्ज, दारू, निरक्षरता आणि घाण ही संकटे कोणाचा धर्म विचारून घरात शिरत नाहीत. त्यांच्याशी जो लढला त्याचा अनुभव सर्वांच्याच कामाचा आहे. शिवाय आपली मुले पुढे ज्या विद्यापीठाची पदवी घेतात, त्या अमरावती विद्यापीठाला याच पुरुषाचे नाव दिलेले आहे. ज्याच्या नावाचा शिक्का आपल्या पदवीवर येणार, तो माणूस कोण होता हे विद्यार्थ्यांना माहीत असलेच पाहिजे.

बालपण

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. वडील झिंगराजी आणि आई सखूबाई. घरी कपडे धुण्याचा परंपरागत व्यवसाय आणि थोडी शेती. घर खाऊन-पिऊन सुखी होते असे म्हणता येईल. परंतु त्या घराला दारूने ग्रासले. त्या काळी जातीच्या प्रत्येक कार्याला, जत्रेला आणि नवसाला दारू लागत असे. पाहुण्याला दारू पाजली नाही तर त्याचा अपमान झाला असे समजत. मानपानासाठी सुरू झालेले पिणे झिंगराजींच्या अंगवळणी पडले. शेती गेली, गुरे गेली, प्रकृती खालावली आणि १८८४ साली ते वारले. त्या वेळी डेबूचे वय अवघे आठ वर्षांचे होते.

सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी माहेरी गेल्या. तेथे मामांच्या घरी डेबू वाढला. गुरे राखणे, गोठा साफ करणे, नांगर धरणे, पिकाची राखण करणे यातच त्याचे बालपण गेले. शाळेची पायरी त्याने कधी चढली नाही. मात्र कामात तो असा तरबेज झाला की, थोड्याच वर्षांत मामांची सारी शेती त्याच्या भरवशावर चालू लागली.

याच घरात त्याला आयुष्यातील दुसरा मोठा धडा मिळाला. मामा कष्टाळू होते, पण त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. सावकाराशी त्यांचा व्यवहार होता. कागदावर काय लिहिले आहे हे त्यांना कळत नसे. सावकार सांगेल तेथे ते अंगठा उठवीत. पैसे फेडल्याची पावती घ्यावी हेही त्यांना ठाऊक नव्हते. शेवटी कर्जापायी जमिनीवर सावकाराचा हक्क लागला. या धक्क्याने मामा खचले आणि त्यांचा अंत झाला. सावकाराची माणसे शेताचा ताबा घेण्यास आली तेव्हा तरुण डेबूने शेतात उभे राहून त्यांना अडविले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते.

वडील दारूने गेले आणि मामा निरक्षरतेने गेले. या दोन मृत्यूंतून डेबूजींनी एक गोष्ट ओळखली. दोघेही वाईट माणसे नव्हती. लोकरीतीपुढे आणि अज्ञानापुढे मान वाकविण्याची सवय त्यांना भोवली. पुढे पन्नास वर्षे गाडगेबाबा गावोगाव जे सांगत फिरले, त्याचे मूळ दापुऱ्याच्या या घरात आहे.

पंगतीतील परीक्षा

डेबूजींचा विवाह १८९२ साली कुंताबाईंशी झाला. पुढे त्यांना कन्यारत्न झाले आणि बारशाचा समारंभ ठरला. जातीच्या चालीप्रमाणे अशा प्रसंगी मटणाची आणि दारूची पंगत द्यावी लागे. ऐपत असो वा नसो, कर्ज काढावे पण पंगत द्यावी, असा दंडक होता. डेबूजींनी मात्र साधे शाकाहारी गोड जेवण ठेवले. दारूचा एक थेंबही आणला नाही. जातभाई रागावले, टोमणे मारू लागले. परंतु डेबूजी डगमगले नाहीत.

येथे वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मांसाहाराविषयी गाडगेबाबांचे जे मत होते ते आपल्या सर्वांना लागू पडेल असे नाही. देवापुढे बोकड कापण्याच्या प्रथेलाही त्यांचा कडवा विरोध होता. त्याविषयी कोणाचे मत वेगळे असू शकते. परंतु या प्रसंगातील मुख्य मुद्दा ताटात काय वाढले हा नाही. कर्ज काढून मोठेपणा मिरविण्याची जी जातीची सक्ती होती, ती त्यांनी प्रथम स्वतःच्या दारात मोडली, हा मुद्दा आहे. त्या वेळी त्यांचे वय विशी-बाविशीच्या आसपासचे असेल. ते कोणी पुढारी नव्हते. त्यांच्या पाठीशी कोणतीही संस्था नव्हती. नातेवाइकांमध्ये रोज वावरायचे असताना त्यांनी हे केले. परक्या गावात भाषण करणे सोपे असते. आपल्याच भाऊबंदांच्या पंगतीत नाही म्हणणे फार कठीण असते.

गृहत्याग आणि खराटा

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे जोडलेले वस्त्र, हातात काठी आणि एक मातीचे फुटके गाडगे, एवढाच त्यांचा संसार. त्याच गाडग्यात भाकरी मागून खायची, त्यातच पाणी प्यायचे. या गाडग्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. ते गावात आले की लोक त्यांना वेडा समजत. मुले मागे लागत.

बाबांची रीत ठरलेली होती. गावात शिरले की प्रथम खराटा हाती घ्यायचा आणि रस्ते, गटारे, चावडीपुढील अंगण झाडावयास लागायचे. कोणाला हुकूम नाही, कोणाला दोष नाही. गावचे लोक सुरुवातीला नुसते बघत उभे राहत. मग एखाद्याला लाज वाटे आणि तो पुढे येई. त्याच्यामागून दुसरा येई. संध्याकाळपर्यंत सारे गाव स्वच्छ होऊन जाई. मग रात्री त्याच ठिकाणी बाबांचे कीर्तन होई. दिवसा गावातील कचरा काढायचा आणि रात्री माणसांच्या डोक्यातील कचरा काढायचा, असा त्यांचा क्रम असे. मनुष्यस्वभावाची त्यांची पारख किती खोल होती, हे या एका रीतीवरून कळते. सांगण्याने माणूस ऐकतो, पण बदलत नाही. समोर कोणी करू लागला की मात्र तो उठतो.

वऱ्हाडात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. तेथे पौष महिन्यात रविवारी यात्रा भरते. काठावर चिखल असल्यामुळे स्नानाला आलेले म्हातारे-कोतारे घसरून पडत. यात्रेकरू दरवर्षी पडत आणि दरवर्षी बाकीचे बघून हळहळत. डेबूजी तेथे मातीच्या पाट्या टाकून वाट करू लागले. पुढे त्यांनी लोकवर्गणीतून त्या ठिकाणी पक्का घाट बांधून घेतला. यात्रेत येणारे अंध, पांगळे आणि महारोगी यांना अन्न-वस्त्र देण्याची प्रथाही त्यांनी तेथे सुरू केली.

कीर्तनातील शिकवण

बाबांचे कीर्तन म्हणजे पुराणातील कथा नव्हती. ते समोर बसलेल्या लोकांना साध्या वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच तोंडून उत्तरे काढून घेत. हसता-हसता माणसाला स्वतःची चूक उमगे. विषय नेहमीच्या जीवनातले. कर्ज काढून लग्न आणि सणवार करू नका. दारूला शिवू नका. नवस-सायास, अंगारे-धुपारे यांच्या नादी लागू नका. जातीपातीवरून कोणाला हीन समजू नका. घर आणि गाव स्वच्छ ठेवा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलांना शाळेत घाला. जेवणाची भांडी विकावी लागली, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्यावे लागले, राहत्या घराची दुरुस्ती थांबवावी लागली तरी हरकत नाही, पण मुलांचे शिक्षण थांबवू नये, असा त्यांचा आग्रह असे.

ज्याला स्वतःला अक्षर ओळखता येत नव्हते, त्याने शिक्षणासाठी एवढा जीव तोडावा, यामागे मामांचा तो अंगठा होता. बाबांनी धर्मशाळा, शाळा, वसतिगृहे आणि आश्रमशाळा यांसाठी आयुष्यभर पैसा उभा केला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत रुग्णालयांत उपचारासाठी येणाऱ्या गोरगरीब रोग्यांच्या नातेवाइकांची सोय व्हावी म्हणूनही धर्मशाळा झाली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा, जी त्या काळी अस्पृश्य मानलेल्या यात्रेकरूंसाठी बांधली होती, ती बाबांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी दिली. कर्मवीर भाऊराव पाटलांशी त्यांचा निकटचा स्नेह होता. रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कऱ्हाड येथे काढलेल्या महाविद्यालयाला बाबांचेच नाव दिले. बाबांच्या साऱ्या संस्थांचा कारभार पाहण्यासाठी १९५२ साली गाडगे महाराज मिशन स्थापन झाले.

लाखो रुपये या माणसाच्या शब्दाखातर जमा झाले. परंतु त्यातील एक पैसाही त्यांनी स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी घेतला नाही. कुंताबाई आणि मुले झोपडीत राहून कष्टाने दिवस काढीत. वडिलांनी बांधलेल्या इमारतींवर मुलांचा काडीचाही हक्क नव्हता. बाबांनी कोणाला शिष्य केले नाही आणि कोणाला पाया पडू दिले नाही. आजकाल संस्था म्हटली की नातेवाइकांची भरती आणि खुर्चीचे भांडण हे समीकरणच होऊन बसले आहे. अशा काळात ही गोष्ट संस्थाचालकांनी आणि आम्हा शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१९२३ साली बाबा कोकणात खारेपाटण येथे कीर्तन करीत असताना त्यांचा एकुलता मुलगा गोविंदा, पिसाळलेला कुत्रा चावल्यामुळे, वारल्याची बातमी आली. बाबांनी ती ऐकली आणि कीर्तन पुढे चालू ठेवले. कोणाला हे कठोरपणाचे वाटेल. मला स्वतःला हा प्रसंग वाचताना कुंताबाईंचे दुःख आधी दिसते. त्या माऊलीने पतीच्या समाजकार्याची किंमत आयुष्यभर मोजली, आणि तिचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. समाजाचे भले करणाऱ्या पुरुषांची चरित्रे वाचताना त्यांच्या घरातील स्त्रियांचीही आठवण आपण ठेवली पाहिजे.

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे मोटारीतून जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी देह ठेवला. वय ऐंशी वर्षांचे. मागे घर नाही, शेत नाही, पैसा नाही.

आपल्यासाठी धडा

बाबांना जाऊन आता कितीतरी वर्षे लोटली. २०००-०१ पासून महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि अनेक गावांनी बक्षिसे मिळविली. परंतु बाबा ज्या कर्जाविषयी बोलत होते ते संपले आहे काय? २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी जी विशेष मदत जाहीर केली, त्यातील सहा जिल्ह्यांत आपला बुलढाणा जिल्हा होता. नापिकी आणि पडलेले भाव ही त्या कर्जाची मोठी कारणे आहेत, याबद्दल शंका नाही. पाऊस आपल्या हातात नाही आणि कापसाचा भावही आपल्या हातात नाही. पण लग्नाचा मांडव किती मोठा घालावा, हे तर आपल्या हातात आहे?

आपल्या धर्माने निकाह किती सोपा केला आहे पाहा. वधूने वराला काही द्यावे असे कोठेही नाही. उलट वराने वधूला महर द्यावयाची आहे. दोन साक्षीदार, उभयतांची कबुली आणि ऐपतीप्रमाणे वलीमा, एवढ्यावर निकाह होतो. व्याज देणे आणि घेणे दोन्ही निषिद्ध आहे. स्वच्छतेला इमानाचा भाग मानले आहे. पैगंबरांवर अवतरलेल्या वचनांत पहिली आज्ञा वाचनाची आहे. देशाच्या कायद्यानेही १९६१ पासून हुंडा देणे-घेणे गुन्हा ठरविला आहे. म्हणजे दीन आणि कायदा दोन्ही आपल्या बाजूने असताना आपण अडतो ते केवळ लोक काय म्हणतील, या एका भीतीपाशी. गाडगेबाबांच्या पंगतीत जे जातभाई रागावले होते, तेच आजही आपल्या पंगतीत बसलेले आहेत.

येथे मला स्वतःविषयी एक कबुली द्यावीशी वाटते. माझे लग्न झाले तेव्हा मी बी.ए., बी.एड. होऊन शिक्षक झालो होतो. आम्ही काहीही मागितले नव्हते, असे आमच्या घरचे अभिमानाने सांगतात. परंतु मोटारसायकल आणि घरातील फर्निचर आले तेव्हा मी ते परतही केले नाही. मी गप्प बसलो. माझ्या सासऱ्यांनी त्यासाठी काय विकले, हे मला पुष्कळ दिवसांनी समजले. त्या घरातही माझ्या वर्गातील त्या मुलासारखा एक शिकणारा मुलगा होता, आणि त्याचेही शिक्षण बारावीनंतर थांबले. न मागणे एवढ्यानेच भागत नाही, नको म्हणावे लागते, हे मला उशिरा कळले. वर्गात हुंड्याविरुद्ध निबंध लिहून घेताना माझा आवाज आजही थोडा खाली येतो.

म्हणून पालक बंधू-भगिनींनो, मी उपदेश करण्याच्या अधिकाराने हे लिहीत नाही. माझे एवढेच म्हणणे आहे की, आपण प्रत्येकाने आपापल्या घरी एक गोष्ट करून पाहावी. ज्यांच्या घरी यंदा मुलाचे लग्न आहे, त्यांनी मुलीकडच्यांना आधीच स्पष्ट शब्दांत कळवावे की, आम्ही काहीही स्वीकारणार नाही. मुलाच्या बाजूने आलेला हा निरोप मुलीच्या बापाच्या दहा प्रयत्नांपेक्षा जास्त काम करतो. ज्यांना कर्जाच्या कागदावर सही करावयाची आहे, त्यांनी तो कागद आधी आपल्या शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून वाचून घ्यावा. त्यात कमीपणा मानू नये. डेबूजींच्या मामांना अशी वाचून दाखविणारी मुलगी असती तर त्यांचे शेत कदाचित वाचले असते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठीही काम आहे. आपल्या मोहल्ल्यातील नाली कोणी साफ करावी यावर चर्चा करण्याऐवजी एका रविवारी झाडू घेऊन सुरुवात करा. पहिल्या दिवशी लोक हसतील. गाडगेबाबांनाही हसले होते. आणि तुमच्यातील जे उद्या नवरदेव होतील, त्यांनी माझ्यासारखे गप्प बसू नये.

तो नववीतला मुलगा अजून गॅरेजमध्येच आहे. सुटीत गावी आला की भेटतो आणि आदराने सलाम करतो. बाहेरून परीक्षा देऊन दहावी करण्याविषयी मी त्याच्या वडिलांशी पुन्हा बोलणी केली आहेत आणि त्यांनी होकार दिला आहे. त्याला एक धाकटी बहीणही आहे. तिच्या लग्नाच्या वेळी तरी आपल्या समाजातून कोणी एक वरपिता पुढे येईल आणि नको म्हणेल, अशी आशा मी बाळगून आहे. अल्लाह आपणा सर्वांना तशी सद्बुद्धी आणि हिंमत देवो.